तुम्हीच जरा रागवा

(विक्रोळी, कन्नमवार नगर. जानेवारीतली दुपार. सुगंधा आणि जर्मनीहून सुट्टीला आलेली तिची लेक मानसी स्वयंपाकघरात खाली बसून सामान बांधतायत; नात श्रुतिका बाहेरच्या खोलीत. लाडवांच्या डब्याचं झाकण मानसीच्या हातून लादीवर पडतं आणि गरगरत राहतं.)

सुगंधा : नाय गेली त्या व्यायामशाळेत, तर काय बिघडता? झाकण फेकूक काय झाला?

मानसी : फेकलं नाही, निसटलं. आणि व्यायामशाळा नाही गं आई. मघापासून तू तेच धरून बसलीयस.

सुगंधा : तूच म्हणालंस जिमनॅशियम.

मानसी : गिम्नाझियुम. तिकडे मोठ्या शाळेला म्हणतात तसं. पाचवीपासून पुढची शाळा. तिथून युनिव्हर्सिटी.

सुगंधा : मग तसा सांग ना. मी आपली विचार करतंय, पोरगी एवढीशी काटकी, तिका डंबेल्स उचलूक कित्याक पाठवतत. आणि नाय पाठवली तर ही रडता कित्याक.

मानसी : मी रडत नाहीये.

सुगंधा : नाय तर नाय. लाडू नीट लाव. मध्ये कागद घाल, नायतर तिकडे पोचेपर्यंत पीठ होतला.

मानसी : ऐक. चौथी झाली की तिकडे मुलांच्या तीन वाटा होतात. एक ही गिम्नाझियुमची. एक मधली, दहावीपर्यंत, मग पुढे नोकरीचं शिक्षण. तिसरी हाताच्या कामाची. कोणी कुठे जायचं ते वर्गाच्या बाई सुचवतात. आई-वडील नको म्हणू शकतात, पण आमच्या भागात बाईंच्या शब्दाला वजन आहे.

सुगंधा : चौथीत? चौथीत तुझी वेणी मी घालत होतंय. वेणी घालूक येत नव्हती तुका, आणि जन्माची वाट काय ठरवतलंस.

मानसी : तेच ना. आणि लिंडनर बाई म्हणतात, श्रुतिकासाठी मधली बरी.

सुगंधा : मधली म्हणजे वाईट?

मानसी : वाईट नाही. तिकडे इलेक्ट्रिशियनला पण मान आहे. सुट्टीत तो पण इटलीला जातो. आणि वाट नंतर बदलता येते, असं सगळे सांगतात. पण आई, तिला पुस्तकाची किती ओढ आहे, तू बघितलंस ना? तुझ्याकडची पंचांगं पण वाचायला घेतली तिने. आणि आत्ताच कोणीतरी तिला म्हणतंय, तुझी उडी एवढीच.

सुगंधा : मार्क कमी पडले काय?

मानसी : नाही गं. गणितात दोन, भाषेत दोन, चित्रकलेत एक.

सुगंधा : चित्रकलेत एक.

मानसी : हो.

सुगंधा : एवढी बरी चित्रा काढता ती. अख्ख्या पेपरात एक?

मानसी : आई, एक म्हणजे सगळ्यात भारी. सहा म्हणजे नापास. जेवढा आकडा लहान, तेवढी मुलगी हुशार.

सुगंधा : उलटीच दुनिया गो बाय. तुझ्या बापाशीक ह्या सांगितलंस काय? तो काल शेजारच्या राजारामाक सांगून इलो, नातीक गणितात दोन मिळाले म्हणून. मगे दोघेव गप्प बसून चाय प्याले.

मानसी : तरीच राजारामकाका आज जिन्यात तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. म्हणाले, आरोग्य महत्त्वाचं.

सुगंधा : मी एक बोलू? रागवू नको.

मानसी : बोल.

सुगंधा : हयच ठेव तिका. समोर शाळा असा. मी सोडतंय, मी आणतंय. तुका सोडली तशी.

मानसी : आई.

सुगंधा : परवा घेऊन गेलंय होतंय ना मी तिका. वॉचमनान आत सोडला. तुझो बाक दाखवलंय.

मानसी : माझा बाक कुठून असणार आता?

सुगंधा : नसलो म्हणून काय झाला? असलो तर खय असतो, ता दाखवलंय. खिडकीकडचो, पहिलो. तिका सांगितलंय, हयसून आपली गॅलरी दिसता. तुझी आवस तास चालू असताना हयसून हात करायची आणि मी थय टॉवेल झटकायचंय.

मानसी : बाईंचं लक्ष असलं तर हात नाही करायचे मी. डोकं खाजवायचे.

सुगंधा : म्हणून तर बाई माका म्हणाल्या, पोरीच्या डोक्यात उवा झाल्या काय बघा.

मानसी : आणि तू टॉवेल दोनदा झटकलास की समजायचं, कोळीण येऊन गेली, आज कालवण. मग पुढचा अख्खा तास भूगोलातलं काही डोक्यात शिरायचं नाही. नुसता वास. शाळेत बसल्या बसल्या वास यायचा मला, खरंच.

सुगंधा : एवढ्या लांब वास येता काय.

मानसी : यायचा गं. अजून येतो. तिकडे बर्फ पडत असतो, मी बसस्टॉपवर उभी असते आणि मध्येच येतो.

सुगंधा : मगे ठेव ना तिका हय.

मानसी : त्या शाळेत मराठीचे वर्ग किती उरलेत?

सुगंधा : एक. पण असा ना.

मानसी : आणि ही गॅलरी तरी किती दिवस आहे? बाबा म्हणत होते, बिल्डरची माणसं मापं घेऊन गेली.

सुगंधा : ती दर वर्षी मापा घेतत. तू म्हणतंस ना, दोन वर्षांत कायमचे येतो. तोवर ऱ्हवात ती माझ्याकडे.

मानसी : म्हणते गं.

सुगंधा : दर वेळी म्हणतंस.

मानसी : मसाल्याची पिशवी दे. दुहेरी बांधते, नाहीतर मागच्यासारखा हर्षदच्या शर्टांना वास लागेल.

सुगंधा : लागांदेत. जावईबापू असत खय? दुपारपर्यंत येणार होते.

मानसी : बोरीवलीलाच आहे अजून, त्याच्या आईकडे. तिथून थेट विमानतळावर येतोय. म्हणाला, तुझं आईकडचं रडणं उरकून घे, मी माझं इकडे उरकतो.

सुगंधा : बरा, ता ऱ्हवांदे. ती बाई काय म्हणाली, सुरवातीपासून सांग. कोण काय बोलला, सगळा.

मानसी : सांगितलं ना.

सुगंधा : शेवट सांगितलंस. भांडणाचा मूळ सुरवातीक असता.

मानसी : भांडण नव्हतं. नाताळच्या सुट्टीआधी भेट होती. तिकडे मुलांच्याच छोट्या खुर्च्यांवर बसवतात. हर्षदचे गुडघे कानाला लागत होते. श्रुतिका आमच्या मध्ये. तिकडे भेटीला मुलाला पण बसवतात, त्याच्या पाठीमागे काही बोलायचं नाही म्हणून. बाई आधी छानच बोलल्या. वाचन छान, मैत्रिणी छान. मग माझ्याकडे वळून विचारलं, घरी कशी असते? स्वतःहून अभ्यासाला बसते का?

सुगंधा : मग तू काय म्हणालंस?

मानसी : काय म्हणणार? म्हटलं, कसली बसतेय. दिवसभर नुसता खेळ. माझं तर अजिबात ऐकत नाही, सांगून सांगून घसा बसतो. हर्षद म्हणाला, आम्हाला घाबरतच नाही, तुम्हालाच काय ती थोडी घाबरत असेल. मग मी म्हटलं, तुम्हीच जरा रागवा हो तिला. तुमचं ऐकेल.

सुगंधा : बरोबर बोललंस.

मानसी : मग? असंच बोलतात ना.

सुगंधा : नायतर काय, आपणच सांगायचा, आमची पोरगी लय हुशार म्हणून? बाईंचो मान ठेवलंस तू. मगे बाई हसली असतली.

मानसी : नाही ना. मी आपली हसत होते. वाट बघत होते, आपल्या शाळेतल्या तिरोडकर बाई कशा माझ्या पाठीवर हात ठेवून तुला म्हणायच्या, असू दे हो, मी बघते हिच्याकडे. तसं काहीतरी म्हणतील. पण त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच विचारलं, घरी तुम्हाला मदत हवी आहे का? मला वाटलं, अभ्यासाची मदत. म्हटलं, हो हो, दिलीत तर बरंच होईल.

सुगंधा : मगे?

मानसी : मग म्हणाल्या, तिच्यावर ताण यायला नको, मधली शाळा तिला झेपेल. मला कळेना यार, मार्क चांगले, वाचन चांगलं, मग मधेच हे कुठून आलं? मला वाटलं, आम्ही बाहेरचे म्हणून असेल. हर्षदला पण तेच वाटलं.

श्रुतिका : आजी, बॅग मी वर बसले की बंद होते. उतरले की उघडते.

सुगंधा : मग बसून ऱ्हव. विमानात पण बस तिच्यार.

श्रुतिका : आणि आई, आपण बाहेरचे म्हणून नाही. फ्राऊ लिंडनरला ते खरं वाटलं.

मानसी : काय खरं वाटलं?

श्रुतिका : तू सांगितलंस ते. आमच्या शाळेत एक बाई आहे, ती शिकवत नाही, ती फक्त विचारते. दुसऱ्या दिवशी तिने मला तिच्या खोलीत बोलावलं. तिथे सोफा आहे. तिने विचारलं, घरी कोणी खूप ओरडतं का, तुला आई-बाबांची भीती वाटते का.

मानसी : मग?

श्रुतिका : मी म्हटलं, नाही, आई फक्त फोनवर आजीशी ओरडते, कारण आजीला ऐकू येत नाही.

सुगंधा : माका ऐकू येता. रेंज नसता.

मानसी : एवढं सगळं झालं आणि तू मला सांगितलं नाहीस?

श्रुतिका : तू आधीच रागावली होतीस ना.

मानसी : मी कधी रागावले तुझ्यावर?

श्रुतिका : मी ऐकत नाही म्हणून. अभ्यास करत नाही म्हणून.

मानसी : कोण म्हणालं, तू ऐकत नाहीस?

श्रुतिका : तू. माझ्यासमोरच म्हणालीस.

सुगंधा : बाय माझे, जरा गॅलरीत जाऊन बघ हां, आजोबा गाडी घेऊन इले काय. वाकू नको, गजाक धरून बघ.

श्रुतिका : बॅग उघडेल.

सुगंधा : उघडांदे.

मानसी : बघितलंस ना, आई.

सुगंधा : बघतंय.

मानसी : तिला खरं वाटलं. बाईंना वाटलं ते एक वेळ ठीक. हिला पण वाटलं. इतके दिवस मी म्हणतेय, ही बोलत का नाही, खेळत का नाही. मला वाटलं, थंडीने.

सुगंधा : पोरांक कळता गो. तुका नाय कळला? मी पण तसाच म्हणायचंय तुझ्या बाईंका.

मानसी : नाही कळलं.

सुगंधा : काय?

मानसी : मला पण नाही कळायचं. तू तिरोडकर बाईंसमोर उभी राहायचीस, माझा दंड धरून. म्हणायचीस, काडीचो अभ्यास करणा नाय, रानटी झाली हा, हाणा दोन पाठीत. पहिला नंबर असायचा माझा. मी तुझ्या चपलांकडे बघत उभी राहायचे आणि विचार करायचे, आता अजून काय करू म्हणजे आई चांगलं बोलेल.

सुगंधा : बाईंका माहीत होता ना तुझो नंबर.

मानसी : बाईंना होता गं. मला वाटायचं, तुलाच माहीत नाही.

सुगंधा : माका माहीत नाय?

मानसी : लहान होते मी. आता कळतंय म्हणूनच तर मी पण तसंच बोलले. पण तेव्हा नाही कळायचं.

सुगंधा : थांब, ता झाकण दे हय. हातात काय नसला की माका बोलूक जमणा नाय.

मानसी : राहू दे आई. जाऊ दे तो विषय.

सुगंधा : जाऊ कित्याक दे? ऐक. तुझ्या बापाशीची मिल बंद झाली आणि तो हय कंपनीच्या गेटार वॉचमन म्हणून उभो ऱ्हवलो, त्या साली तुका शाळेत घातली. माझा शिक्षण काय ता तुका ठाऊक. बाईंच्या समोर गेलंय की पदर पिळत ऱ्हवायचंय. त्यांची ती पांढरी साडी, ता घड्याळ. माका सांगायचा असायचा, माझ्या चेडवाकडे लक्ष द्या, तिका पुढे न्या, आमका काय समजणा नाय. पण असा सरळ मागूक तोंड उघडत नव्हता. मग ह्याच यायचा तोंडात. तुम्हीच बघा हिच्याकडे, हाणा हवी तर. त्याचो अर्थ तोच. आणि बाईंका बरोबर समजायचो.

मानसी : हं.

सुगंधा : मी म्हटलंय हाणा. त्यांनी कधी हाणली तुका?

मानसी : नाही.

सुगंधा : त्यांनी काय केला? खिडकीकडचो बाक दिलो. पहिलो. तो बाक काय आपसूक मिळालो तुका?

मानसी : तो बाक तुझ्यामुळे?

सुगंधा : माझ्यामुळे नाय. बाईंच्या कानामुळे. आणि निकालाच्या दिवशी शिरवाळे कोण करायचा?

मानसी : मला वाटायचं, बाबांसाठी करतेस. ते घरी असायचे ना त्या दिवशी.

सुगंधा : तुझ्या बापाशीक शिरवाळे आवडतत खय? तांदळाची उकड काढा, गरम असतानाच साच्यातून शेवया पाडा, नारळाचो गोड रस काढा. खांदो निखळायचो माझो. ता सगळा तुझ्या पहिल्या नंबराक होता. तोंडान नाय म्हटला, म्हणून काय म्हटलाच नाय?

मानसी : मी तर रस आधी पिऊन टाकायचे आणि शेवया ताटात ठेवायचे.

सुगंधा : माका माहीत असा. त्या मी खायचंय.

मानसी : तिकडे शिरवाळे करून चालणार नाहीत गं, आई. लिंडनर बाईंना कोण सांगणार, की याचा अर्थ असा. त्या शब्द ऐकतात. शब्दामागचं काही बघायलाच जात नाहीत.

सुगंधा : मग त्यांका शब्दच दे. परत भेटतली ना ती?

मानसी : शाळा उघडली की त्याच आठवड्यात. त्यानंतर त्या काय ते पक्कं ठरवणार.

सुगंधा : तेव्हा सरळ सांग. आमची पोरगी हुशार असा.

मानसी : असं कसं सांगू यार. जीभ नाही वळत.

सुगंधा : हय वळवून बघ. मी बाई. ह्या पाटार बसतंय. तू समोर बस, गुडघे कानाक लाव. हां. काय हो श्रुतिकाच्या आई, मुलगी घरी कशी असते?

मानसी : बरी असते.

सुगंधा : बरी म्हणजे? तापातून उठली?

मानसी : म्हणजे तशी अभ्यास करते. आपलं, देवाच्या कृपेने, तुमच्या आशीर्वादाने...

सुगंधा : देवाक मध्ये घालू नको. ती बाई मग देवाक विचारूक जातली.

मानसी : अभ्यासात ठीक आहे. जरा हट्टी आहे, पण...

सुगंधा : हट्टी ह्या तिका सांगू नको. परत सोफ्यार बसवतली पोरीक. श्रुते, हय ये गो. आजोबा दिसले?

श्रुतिका : नाही. एक मांजर दिसलं. तुम्ही अशा समोरासमोर का बसलात?

सुगंधा : शाळा भरली असा. तू आईच्या बाजूक बस. जशी थय बसली होतंस. ...थांब. आधी मीठ-मोहरी आणतंय. पोरीबद्दल असा उघड्यार बोलायचा, तर आधी दृष्ट काढूक व्हयी.

मानसी : आई, तू आत्ता जर्मन बाई आहेस ना?

सुगंधा : बाईच असंय. बाई आधी दृष्ट काढता, मगे शिकवता. श्रुते, सरळ उभी ऱ्हव. हसू नको.

श्रुतिका : हे काय आहे?

सुगंधा : हा असा विमो.

श्रुतिका : जर्मनीत सगळ्याचा विमा असतो, आजी.

सुगंधा : ह्याचो नसतलो. म्हणून हय काढतंय. हां, झाला. बोल आता गो. पहिल्यांदा मराठीत बोल. मराठीत शब्द फुटलो तर त्या भाषेत फुटात.

मानसी : श्रुतिका हुशार आहे.

सुगंधा : मोठ्यान. बाईंका रेंज नसता.

मानसी : माझी मुलगी हुशार आहे. ती स्वतःहून अभ्यासाला बसते. रोज नाही बसत, पण पुस्तक हातात आलं की जेवायला दहा हाका माराव्या लागतात. ते मी तुम्हाला खेळते म्हणून सांगितलं. खेळत नसते, वाचत असते. डॉक्टरकडे माझ्या वतीने तीच बोलते. आणि मला लाज वाटू नये म्हणून हळू बोलते, माझ्या कानाशी, जसं काही मीच बोलतेय. त्यांच्या वर्गात मध्येच एक मुलगी आली, तिला तिथली भाषा अजिबात येत नव्हती. हिने तिला चित्रं काढून सगळी शाळा समजावली. घंटा, डबा, संडास, कुठल्या बाई रागीट. मला असं कोणी समजावलं नव्हतं हो बाई तिकडे गेल्यावर. मला पण हिनेच समजावलं. ती ऐकते माझं. मी हसत हसत बोललेलं पण ऐकते आणि मनात ठेवते.

सुगंधा : बास.

मानसी : अजून आहे.

सुगंधा : असांदे. बाईंका डोळे पुसूक पदर सापडणा नाय.

श्रुतिका : आई, हे जर्मनमध्ये मी सांगू? तू बोल, मी हळूच कानात सांगते.

मानसी : नाही. हे मी बोलेन. चुकलं तर चुकलं.

श्रुतिका : मग त्या दिवशी तू खोटं बोललीस?

मानसी : खोटं नाही गं.

श्रुतिका : पण हे खरं आहे ना? आत्ताचं?

मानसी : हो, हे खरं.

श्रुतिका : मग ते खोटं.

मानसी : आई, तू सांग हिला.

सुगंधा : तसा नसता गो बाय. आपल्यात काय काय गोष्टी उलट्या बोलतत. आपलीच वस्तू आपण कशी चांगली म्हणायची? मग वाईट म्हणायची. समोरच्याक समजता.

श्रुतिका : सगळं उलटं बोलतात?

सुगंधा : सगळा नाय. काय काय.

श्रुतिका : काय काय? मला नियम सांग ना. तू मला भवानी म्हणतेस ते?

सुगंधा : ता उलटा.

श्रुतिका : आजोबांना म्हणतेस, म्हातारो डोक्यात जाता?

सुगंधा : ता सरळ.

श्रुतिका : काल शेजारच्या काकींना म्हणालीस, लाडू काही जमले नाहीत मेले.

सुगंधा : उलटा. झकास झालेत. कोणाक सांगू नको.

श्रुतिका : आणि सकाळी आईला म्हणालीस, तुम्ही गेलात की मी सुटले, जरा पाय पसरून झोपेन. ते?

मानसी : श्रुतिका, बूट घाल. खाली हॉर्न वाजला वाटतं.

श्रुतिका : आजोबाच आहेत. हात करतायत. आजी, टॉवेल झटकू?

सुगंधा : झटक. त्यांका काय समजणा नाय, पण झटक.

मानसी : आई, ती लाल बॅग तू उचलू नकोस, जड आहे. राजारामकाकांना हाक मार. पाणी बंद कर नळाचं. आणि गोळ्या वेळेवर घे गं. फोन चार्ज करत जा.

सुगंधा : तू माका शिकवू नको. हात पुढे कर. दही घे. श्रुते, तू पण.

श्रुतिका : आंबट आहे.

सुगंधा : आंबटच असता. त्या बाईंका माझो नमस्कार सांग. म्हणावा, विक्रोळीच्या बाईंनी सांगितलो.

मानसी : पाया पड आजीच्या.

सुगंधा : असांदे, असांदे. मोठी हो. खूप शिक. मधल्या शाळेत शीक, नायतर त्या व्यायामशाळेत, पण शीक.

श्रुतिका : आजी, मी जाते.

सुगंधा : जाते नाय म्हणायचा गो बाय. येते म्हणायचा.

श्रुतिका : पण आम्ही जातोय.

सुगंधा : तरी येतेच म्हणायचा.

मानसी : म्हण ना. मी पण तेच म्हणते. आई, येते गं.

सुगंधा : ये.

श्रुतिका : आई, हे सरळ आहे की उलटं?